अठ्ठावन्न इंच बर्फ

सयाजीनं घडीची दोन फुटी पट्टी दाराच्या चौकटीला खालून दोनदा पुरी लावली, वर आणखी दहा इंच मोजले आणि अंगठा दाबून तिथं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

"बरोबर हाय का, मिस्त्री?"

खाटेवर पडलेल्या वली मिस्त्रीनं डावा हात उचलला. उजवा रविवारी रात्रीपासून उचलत नव्हता, तोंडही त्या अंगाला कलंडलं होतं. डाव्या हाताचं एक बोट त्यानं हवेत जरासं वर ढकललं. सयाजीला कळेना. त्यानं पट्टी पुन्हा लावून बघितली. अठ्ठावन्नच होते.

"पट्टीचं टोक झिजलंय म्हणतायत," सितारा चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली. "एक सूत वर घ्या, चाचा."

सयाजीनं रेघ थुंकी लावून पुसली, जोंधळ्याच्या दाण्याएवढी वर घेतली. वलीनं डोळे मिटले. म्हणजे झालं.

चौकटीवर खाली आणखी रेघा होत्या. बारा, एकोणीस, बत्तीस, एक्केचाळीस. त्या वलीनं स्वतः मारलेल्या, एका दमात ओढलेल्या, सरळ. सयाजीची रेघ त्यांच्यात पाहुणी आल्यासारखी दिसत होती.

जलाल हा वलीचा एकुलता एक लेक. सितारा त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी जलाल काश्मीरला गेला. पुण्याच्या कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर खुर्च्या दुरुस्त करत होता, त्या साहेबानंच नेला. गुलमर्ग म्हणून डोंगरावरचं गाव. तिथं हिवाळ्यात साहेबलोक पायांना लांब फळ्या बांधतात आणि बर्फावरून खाली घसरतात. तो खेळच आहे. जलाल त्या फळ्यांना मेण लावायचा, मोडल्या तर सांधायचा. शिवाय रोज सकाळी क्लबाच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचं: बर्फ किती इंच, वरचा थर कसा, रस्ता चालू का बंद, वादळ येणार का. अक्षर चांगलं म्हणून ते काम त्याच्याकडं आलं. आणि मग घरी कार्ड लिहायला बसला की त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. सलाम, खुशाली, आणि पुढं फळ्यावरचं सगळं मराठीत उतरवून काढायचा.

पहिलं कार्ड आलं तेव्हा घरात कुणालाच काही कळलं नाही. वलीनं मात्र पट्टी काढली आणि बारा इंच चौकटीवर मोजले. घोडेगावात एवढं पडलं असतं तर कुठवर आलं असतं, ते बघायला. बघून खूप वेळ हसत बसला. तेव्हापासून प्रत्येक कार्डाची रेघ.

आजचं कार्ड सकाळच्या टपालानं आलं होतं. सात दिवसांपूर्वी लिहिलेलं. बर्फ ५८ इंच. वरचा थर भुसभुशीत. घसरायला फार उत्तम. वादळ नाही. रस्ता चालू.

बिबिजान उठली आणि नव्या रेघेखाली पाठ टेकून उभी राहिली. वलीची बायको तशी बुटकीच. रेघ बरोबर तिच्या डोक्यावरच्या पदराला टेकली.

"सयाजीभाऊ, एवढं पडल्यावर माणूस चालतं कुठनं?"

"वरनं."

"बुडत न्हाई?"

"दाबलं गेलं की न्हाई बुडत."

"पण जलालनं तर भुसभुशीत लिहिलंय."

सयाजीनं पट्टीची घडी घातली. नीट बसली नाही म्हणून परत उघडली, परत घातली. "भुसभुशीत म्हंजे वरचं वरचं, भाभी. खाली कडक आसतंय."

"आपल्या वावरात भुसभुशीत म्हणजे पाय रुततो," सितारा म्हणाली.

"ते वावर. हे बर्फ."

सितारानं त्याच्याकडं बघितलं आणि चुलीत फुंकर घातली.

बर्फाचं सयाजीला विचारायचं हे घोडेगावात ठरलेलंच होतं. तो मूळचा अवसरी बुद्रुकचा. पलटणीत होता, अठ्ठेचाळीस साली काश्मीरला होता. आता मामलेदार कचेरीत शिपाई. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ती बर्फानं गेली हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. न्हाव्यापासून मामलेदारापर्यंत सगळे त्याला फौजी म्हणत. थंडीचा कडाका पडला की कुणीतरी म्हणायचंच, "आपल्याला काय, फौजीला विचारा थंडी म्हंजे काय ते."

बिबिजान पुढं झाली आणि त्याला डोळ्यानं बाहेर बोलावलं. दोघं ओट्यावर आले. तिनं कमरेचा कागद काढला. चांगदेव कारकुनाकडून सोमवारीच लिहून आणलेला तारेचा मजकूर होता तो. इंग्रजीत तीनच शब्द. फादर सीरियस कम.

"तार मंचरला जाऊन करावी लागेल. साडेतीनची गाडी हाय," ती म्हणाली. "आज केली तर उद्या त्याला मिळेल. मिळाली की तो निघेल. रात्र असली तरी निघेल."

"डॉक्टर काय म्हणला?"

"आठ दिवस म्हणाला. पंधरा म्हणाला. उद्या पण म्हणाला. त्याला तरी कुठं कळतंय."

"मंग आसं करा. रस्ता चांगला आसंल तवाच ये, आसं लिवा."

"लिहा की. वाचेल का तो? फादर सीरियस एवढं वाचेल आणि बूट घालेल. वलीचं पोर हाय ते." तिनं आवाज खाली आणला. "गेल्या साली तिथं दोन हमाल डोंगर उतरताना गेले. वादळ आलं आणि गेले. त्यानंच लिहिलं होतं, खाली बारीक अक्षरात. हे वाचून बिछान्यावर बसून रडले होते मिस्त्री. मला दिसू दिलं न्हाई."

आतून सितारा बाहेर आली. हात पिठाचे होते.

"बोलवा," ती म्हणाली. "अब्बांचं तोंड बघायचं राहिलं तर जन्मभर आपल्यालाच बोलतील ते. मला बोलतील."

"बाप जातोय म्हणून लेक पण घालवू?"

सितारा दाराला टेकून उभी राहिली. आत गेली नाही.

बिबिजान सयाजीकडं वळली. "मला काय ते पेपर, रेडिओ कळत न्हाई. तुमी त्यात दिवस काढलेत. एवढंच सांगा, तो निघाला तर सुटेल का त्यातनं? तुमी हो म्हणालात तर तार करते. न्हाई म्हणालात तर फाडून टाकते. तुमी सांगाल तसं."

सयाजीनं पायातली वहाण उगाच घट्ट केली. "कचेरीत पेपर येतोय इंग्रजी. त्यात तिकडची हवा आसती. बघून येतो. गाडी सुटायच्या आत सांगतो."

"या. वाट बघते."

कचेरीत चांगदेव कारकून मामलेदारांच्या आधी पेपर वाचून घेत होता. पेपर मुंबईचा, कालचा.

"काय फौजी? पाऊस मोजायचा नाही तर हवा मोजत हिंडतोयस का?"

पावसाळ्यात कचेरीच्या अंगणातलं पाऊस मोजायचं भांडं सयाजीच्या ताब्यात असायचं. रोज सकाळी आठला मापायचं आणि आकडा चांगदेवला द्यायचा. आता जानेवारीत ते भांडं पालथं पडलं होतं.

"काश्मीरचं काय आलंय का बघा की, राव. वली मिस्त्रीच्या पोराचं गाव. गुलमर्ग."

चांगदेव पानं उलटत राहिला. शेवटून दुसऱ्या पानावर, घोड्यांच्या शर्यतींच्या खाली, त्याला चार ओळी सापडल्या.

"हे बघ. गुलमर्ग. बर्फ साठ इंच. कंडिशन्स एक्सलंट. बुधवार रात्रीपासून सिव्हिअर स्टॉर्म एक्स्पेक्टेड."

"म्हंजे?"

"म्हणजे स्थिती उत्तम. आणि उद्या रात्रीपासून मोठं वादळ येणार असा अंदाज."

"उत्तम अन् वादळ? एकाच दमात?"

"एकाच ओळीत. मधे नुसता फुलस्टॉप आहे."

"आवो पण उत्तम हाय का वाईट हाय?"

"दोन्ही असेल. घसरणाऱ्याला उत्तम. वादळ आलं की अजून बर्फ पडणार, अजून घसरायला मिळणार. लांबून लांबून येतात म्हणे लोक आपटायला. आपली माणसं आहुप्याच्या घाटात फुकट आपटतात, त्यांचं कुणी छापत नाही."

सयाजी हसला नाही. "अन् रस्त्याचं?"

"रस्त्याचं काही नाही."

"पोरानं रस्ता चालू लिवलाय."

"कधी लिहिलंय?"

"सात दिस झाले."

"मग ते सात दिवसांपूर्वीचं चालू झालं."

"अन् हे वादळाचं खरं व्हतं का?"

चांगदेवनं चष्मा काढला. "तू मला विचारतोस? गेल्या जुलैत अंदाजवाल्यांनी काय सांगितलं होतं? हलक्या सरी. दुसऱ्या दिवशी तू किती मोजलास?"

"पाच इंच वीस सेंट."

"आणि तीन ऑगस्टला मुसळधार म्हणाले तेव्हा?"

"भांड्यात माशी मेलेली व्हती."

"झालं तर." चांगदेवनं चष्मा पुन्हा लावला. "आणि मला काय विचारतोस, बाबा? मी शिवनेरीच्या वर चढलेलो नाही. तू राहून आलास तिथं. दोन बोटं देऊन आलास."

सयाजी बाहेर आला आणि भांड्याशेजारच्या कट्ट्यावर बसला. डोकं नुसतं भणभणत होतं. साठ इंच. एक्सलंट. चालू. भुसभुशीत. पावसाचे साठ इंच म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. साठ इंचांत ओढे फुटतात, घाटाखाली दरडी येतात, भीमाशंकरची वाट आठ आठ दिवस बंद होते. पण बर्फाचे साठ म्हणजे पावसाचे किती? ते वाहतं की बसून राहतं? त्यानं कुणाला विचारायचं? ज्याला सगळे विचारतात तो इथंच कट्ट्यावर बसला होता.

कारण सयाजी बर्फात कधी गेलाच नव्हता.

जम्मूच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला खेचरांचा डेपो होता. तो तिथं दाणा-वैरण बघायचा. सकाळी लख्ख उजाडलं की लांब वर पांढरं दिसायचं. एवढंच त्याचं बर्फ. लॉरीतून तेलाचं बॅरल उतरवताना दोर सुटला आणि ते डाव्या पायावर आलं. इस्पितळात दोन बोटं काढली. शेजारच्या खाटांवर वरून आणलेली पोरं होती, काळी पडलेली बोटं घेऊन. ती रात्रंदिवस बर्फाचं बोलायची. सयाजी ऐकायचा.

घरी आला तेव्हा तीन दिवस गाडीत बसून अंग मोडलेलं होतं. अवसरीच्या वेशीपाशी चिमाजी न्हावी भेटला. त्यानं पायाकडं बघितलं, चुकचुकला, म्हणाला, "बर्फानं का रं?"

सयाजी म्हणाला, "हं."

बस. एवढंच. खोटं बोलायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. बोलायचंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी गावाला माहीत होतं, तिसऱ्या दिवशी मंचरच्या बाजाराला. मग प्रत्येकाला थांबवून नाही म्हणायचं म्हणजे त्यालाच येडं वाटायला लागलं. पुढं ही नोकरी लागली, तेव्हाचे मामलेदार म्हणाले, बर्फात लढलेला माणूस आहे, घ्या. आणि मग लोक विचारायचे तेव्हा इस्पितळातलं ऐकलेलं तो सांगायचा. चांगलं सांगायचा. सांगता सांगता कधी कधी त्याला स्वतःलाच ते आठवल्यासारखं व्हायचं.

कचेरीच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

हो म्हणावं तर ते पोर वादळात सापडणार. नाही म्हणावं तर बाप असाच जाणार, आणि वादळ आलंच नाही तर? हो म्हणायला काही आधार नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता. असाच एक मनातला आकडा काढून तो त्या बाईच्या हातात देणार होता, आणि ती त्यावर लेकाचा जीव तोलणार होती. सयाजीला एकदम घाम आला. तो उठला आणि तरातरा पेठेकडं निघाला. वाटेत दोघांनी हाक मारली. त्यानं बघितलं नाही.

बिबिजान ओट्यावरच होती. कागद हातात.

"काय म्हणतो पेपर?"

सयाजी ओट्याखाली उभा राहिला. वर चढला नाही.

"भाभी, मी बर्फ बघितलंच न्हाई."

तिला कळलं नाही. "आज न्हाई आलं पेपरात?"

"पेपरातलं न्हाई. मी. मी कधीच बघितलं न्हाई. मी पायथ्याला व्हतो, डेपोत. खेचरांना दाणा घालायचो. वर कधी गेलो न्हाई."

आतून भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला.

"आणि ही बोटं?"

"तेलाचं ब्यारल पडलं."

बिबिजाननं त्याच्या पायाकडं बघितलं. मग तोंडाकडं. बराच वेळ बघत राहिली. कापडावरचा डाग खरा आहे का सावली आहे, हे बघावं तशी.

"माझ्या जलालला ह्या ओट्यावर बसून सांगितलंत तुमी," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी. ओले मोजे घालून झोपू नको. बोटं बधिर झाली तर शेकोटीपाशी नेऊ नको, काखेत धर. सगळं सांगितलंत."

"ते ऐकलेलं व्हतं. इस्पितळात."

"त्यानं तसंच केलं. लिहिलं होतं त्यानं."

"आसंल. पण माझं न्हाई ते." सयाजीनं डावा पाय मागं घेतला. "पेपरात उत्तम लिवलंय. अन् उद्या रातीपासून मोठं वादळ येणार, आसं पण लिवलंय. मला त्यातलं काय बी कळत न्हाई, भाभी. म्हणून सांगाया आलो. माझ्या शब्दावर काय करू नका. तुमचं तुमी ठरवा."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. मग बिबिजान हळूच म्हणाली, "एवढं वाईट हाय का तिकडं?"

"काय?"

"माणूस आपली अब्रू अशी दुसऱ्याच्या ओट्यावर आणून ओततं, ते उगाच न्हाई ओतत. सात वर्षं गावानं तुमाला डोक्यावर घेतलं. आणि आज म्हणताय ब्यारल पडलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नव्हता. "माझ्या तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई तुमाला. कळलं मला, भाऊ."

"आवो भाभी, खरंच सांगतोय. आईची आण."

"आईला मधे आणू नका. कळलं म्हणाले ना."

तिनं कागदाची घडी घातली. फाडला नाही. कमरेला खोचला, आणि हात कपाळाशी नेऊन सलाम करत त्याला म्हणाली, "अल्ला तुमचं भलं करो. एवढं कोण करतं कुणासाठी."

सयाजी ओट्यावर चढायला गेला. ती आत गेली. दारातून तिचा मोठा आवाज आला. अर्धांग झालेल्या माणसाला ऐकूही कमी येतं असं तिला रविवारपासून वाटत होतं. "पेपरात पण आलंय! उत्तम हाय म्हणून! साठ इंच!"

तो पेठेतून चालत राहिला. कुठं निघालाय ते त्याला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खरं सांगितलं होतं आणि ते त्याच्या सगळ्या खोट्यांपेक्षा जास्त चाललं होतं. बाईनं ठरवलं होतं. तार जाणार नव्हती. म्हणजे शेवटी त्याच्याच शब्दावर झालं. की नाही झालं? परत जाऊन सांगावं का, की बाई, मी खोटं बोललो, मी होतो बर्फात, आणि तुमचं पोर सुटेल? मग ती काय समजेल? ते खरं समजेल का?

एस्टीच्या थांब्यावर मंचरची गाडी उभी होती. टपावर एक माणूस कोंबड्यांची पाटी बांधत होता. सयाजी गाडीच्या बाजूनं जात होता आणि खिडकीतून हाक आली.

"चाचा."

सितारा होती. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. हातांना अजून कोरडं पीठ चिकटलेलं. मुठीत तो कागद.

"पोरी! तू कशी?"

"अम्मा नमाजला उभ्या राहिल्या. कमरेचा कागद काढून फळीवर ठेवला होता त्यांनी." ती हळू बोलत होती, पण घाबरलेली दिसत नव्हती. "चाचा, एक विचारू? मघाशी तुमी खरं बोललात ना?"

सयाजीनं खिडकीचा गज धरला. पुढं काय येणार ते त्याला दिसत होतं. हो म्हटलं तर ही गाडी तिला घेऊन जाणार. नाही म्हटलं तर ती उतरणार.

"व्हय," तो म्हणाला. "खरं बोललो."

"मला कळलं होतं. सकाळी भुसभुशीत विचारलं ना, तेव्हाच वाटलं मला." ती जराशी हसली, आणि लगेच हसू गेलं. "मग इथं कुणालाच काय माहीत न्हाई. तुमाला न्हाई, अम्माला न्हाई, पेपरवाल्याला न्हाई. ज्याला माहीत हाय तो तिथं बसलाय. रोज सकाळी फळ्यावर तोच लिहितो की, वादळ हाय का न्हाई. मग यायचं का न्हाई ते त्याला ठरवू दे. आपण कोण इथं बसून ठरवणारे?"

बरोबर होतं ते. सयाजीला त्यात खोट काढता येईना. आणि तरी त्यानं गज सोडला नाही. जी गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात सांगण्यासारखं त्याचं काहीच नव्हतं, ती त्याच्या तोंडून बाहेर यायला लागली.

"येक सांगतो. हे ऐकलेलं न्हाई, बघितलेलं हाय. डेपोत येकदा सकाळी वरनं पाच खेचरं आली. ओझी पाठीवर, दोर खाली लोंबतायत. मानेच्या केसांत बर्फाचे खडे. मी हातानं काढले ते. येक येक."

"आणि माणसं?"

"माणसं न्हाई. नुसती खेचरं."

टपावरच्या कोंबड्या कलकलाट करत होत्या.

"मागनं आली असतील."

"मी बघत व्हतो रोज. पाच गडी गेलेले. चार न्हाई आले. येक आला. चौथ्या दिशी, चालत."

"चालत?"

"चालत. येकटा."

"कसा आला म्हणाला?"

"काय न्हाई म्हणाला. च्या मागितला. आमी लई विचारलं. त्याला सांगताच येईना कसा आला ते."

सितारानं मूठ उघडली, कागदाकडं बघितलं, परत मिटली. ओठ हलले तिचे, पण आवाज आला नाही. ती कसला तरी हिशोब करत होती, चार आणि एकाचा, आणि तो जुळत नव्हता. सयाजीचाही कधी जुळला नव्हता.

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरली. कंडक्टर दारातून आत आला, पंच वाजवत.

"चला, मंचर, मंचर! ताई, किती?"

सितारानं एक बोट वर केलं.

सयाजी खिडकी सोडून बाजूला झाला. रस्ता मोकळा होता. पेठेच्या टोकाला वली मिस्त्रीच्या घराचं छप्पर इथूनही दिसत होतं. तिथं बिबिजान आता नमाजावरून उठली असेल, फळीवर हात फिरवत असेल. पळत गेलं तर सांगता येईल. गाडी थांबवता येईल. तो दोन पावलं तिकडं गेलाही. मग वळला, पुढच्या चाकाला वळसा घातला आणि दांडी धरून वर चढला.

"दोन," तो कंडक्टरला म्हणाला.

सितारानं सरकून बाकावर जागा केली. मधे हातभर अंतर ठेवून तो बसला. गाडी पेठेबाहेर पडली. मग तिनं कागद उलगडून त्याच्यापुढं धरला. इंग्रजीतल्या तीन शब्दांखाली सगळा कागद कोरा होता.

"ह्यात अजून काय लिहायचं असेल तर सांगा," ती म्हणाली. "एकदा गेली की गेली."

सयाजीनं कागद दोन्ही हातांत घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वाचल्यासारखा बघत बसला. मंचर यायला अजून पाऊण तास होता.